सव्वासहा, चिखलीचा रस्ता

पहिले सात फोटो वाया गेले.
कॅमेऱ्याला वाटलं, एवढा लाल म्हणजे आपलीच चूक,
आणि त्यानं गुपचूप सूर्य धुऊन काढला,
सायीसारखा पांढुरका.
मग मी त्याची हुशारी बंद केली,
उजेड दोन घरं खाली उतरवला
आणि श्वास धरून थांबलो.

श्वास धरायला तसंही कारण होतं.
वडणग्याच्या अंगाला कुणीतरी पाचट पेटवलेलं,
अलीकडं गुऱ्हाळाचं धुराडं,
खाली पंचगंगेवरून उठलेलं धुकं;
तिन्ही एकमेकांत अशी मुरलेली
की वाटण्या करायला तलाठी आला असता
तरी हात हलवत गेला असता.
आणि मधोमध तो.
बिनकिरणांचा, काठ स्वच्छ कापलेला,
कुणाच्याही नजरेला नजर देणारा.

सूर्याकडं असं बघता येतं
हे विसरूनच गेलो होतो.

वाढ्यांचा भारा डोक्यावर घेऊन
बायाक्का बांधावरून उतरली.
"काय काढाय लागलाईस?"
"सूर्य."
भाऱ्यासकट ती अख्खी वळली, बघितलं.
"रोजचंच हाय की ते."
मग जरा थांबून,
"आज आजारी दिसतंय पर."
पदरानं डोळे पुसले तिनं
(धुरानं, दुसरं काही नाही)
आणि म्हणाली, "आटप आता. म्हशी वाट बघत्यात."
ट्रायपॉड मी बरोबर तिच्या वाटेत मांडला होता.

गंगावेशीत दस्तगीरचाचांचा स्टुडिओ होता तेव्हा
मागच्या खोलीत एकच दिवा असायचा. लाल.
"ह्या रंगाला कागद आंधळा असतोय," ते म्हणायचे,
"ह्या उजेडात आपण त्याला बघायचं.
त्याला आपण दिसत नाही."
मी दहा-अकरा वर्षांचा. ट्रे हलवायचं काम माझं.
पाण्यातून हळूहळू कुणाची तरी भुवई वर यायची,
मग नाक,
मग मुंडावळ्या.

आज तीच खोली, छप्पर काढून,
आंबेवाडीपासून जोतिबाच्या डोंगरापर्यंत.
दिवाही तोच.
ट्रॉलीतल्या उसावर झोपलेलं तोडणीवाल्याचं पोर,
तारेवरचे वेडे राघू,
लांब जाणारा बायाक्काचा भारा,
सगळं ट्रेमधल्यासारखं, अजून पुरतं न उमटलेलं.
आणि पहिल्यांदाच शंका आली
की इथं कागद नेमका कोण.

नंतर तो बुडालासुद्धा नाही.
क्षितिजाच्या बरंच वर, धुरातच
विझत विझत नाहीसा झाला.

रात्री चाचांकडं गेलो.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन "उरूस झाल्यावर बघू."
स्क्रीन नाकाला लावून त्यांनी बराच वेळ बघितलं.
"धुरातनं काढलाय," मी म्हटलं.
"धूर कुठाय ह्यात?"
मी गप्प.
मग त्यांचं बोट, चाळीस वर्षं निगेटिव्हवरचे डाग टिपणारं बोट,
सरकत सरकत सूर्याच्या खालच्या कडेला थांबलं.
"आणि हे काळं काय?"

काजळीचा कण. लेन्सवर बसलेला असणार.
गळीत हंगामात असे कण
गच्चीवरच्या चादरींवर उतरतात, दह्यात उतरतात,
शाळेच्या पांढऱ्या शर्टावर हमखास.
आम्ही चोळत नाही. चोळलं की पसरतं.

"पुसून टाकू का? कॉम्प्युटरवर जातोय," मी विचारलं.
चाचांनी उत्तर दिलं नाही.
सवयीनं स्क्रीनवर हलकीच फुंकर मारली
आणि पुन्हा नाक टेकवून बघितलं,
उडाला का.